पहिल्यांदा महिला रिट्रीटला जाताय? नाव देण्यापासून घरी परत येईपर्यंत सगळं

जय ख्रिस्त मैत्रिणींनो.

दरवर्षी आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमधे) महिला रिट्रीटची, म्हणजे बायकांनी घरापासून दूर दोन-तीन दिवस प्रार्थनेसाठी एकत्र राहायच्या शिबिराची, तारीख जाहीर झाली की उपासनेनंतर चपला घालता घालता दोन-चार जणी मला बाजूला घेतात. तिथे नक्की करतात काय, मला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही तर चालेल का, ओळखीचं कोणी नसेल तर मी कुणाजवळ बसू, घरचे नाही म्हणाले तर काय करायचं, अंघोळीला गरम पाणी असतं का. हे सगळे प्रश्न पहिल्या वेळी माझ्याही मनात होते आणि तेव्हा कुणी नीट बसवून सांगितलं नव्हतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी नगरची (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं), गेली अकरा वर्षं जातेय, त्यातली शेवटची पाच वर्षं तयारी करणाऱ्या बायकांमधे असते. आमचं रिट्रीट बहुतेक वेळा पाचगणीला असतं, शुक्रवारी संध्याकाळी सुरू आणि रविवारी दुपारी जेवून परत. तुमच्याकडे जागा वेगळी असेल, क्रम थोडा वेगळा असेल, पण गोष्टी साधारण याच.

आधी घरी सांगा, आणि लवकर सांगा

आदल्या आठवड्यात सांगितलं की घरात चिडचिड होते, आणि मग आपण अपराधी चेहऱ्याने गाडीत बसतो. महिनाभर आधी सांगा. परवानगी मागायच्या सुरात नको, कॅलेंडरवर तारखेला गोल करा आणि शुक्रवार ते रविवार मी नाहीये असं साधं सांगा. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांच्या गोळ्या, गॅसचा नंबर, दुधाचं, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजला लावा. एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगते, तीन दिवसांचा स्वयंपाक करून फ्रिज भरून जाऊ नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं, गुरुवारी रात्री एक वाजेपर्यंत कणकेचे गोळे आणि भाज्या, आणि शुक्रवारची अख्खी संध्याकाळ मी पहिल्या संदेशात (म्हणजे प्रवचनात) बसल्या जागी झोपले. घरच्यांना खिचडी जमते. नसेल जमत तर त्या दोन दिवसांत जमेल.

ज्यांच्या घरी विश्वासात फक्त त्या एकट्या आहेत त्यांची गोष्ट वेगळी असते, मला माहितीये. त्यांनी घरी लपवून, माहेरी जाते असं सांगून येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खोटं बोलून आलेली बाई तिथे दोन दिवस फोनकडे बघत बसते. पाळकीणबाईंना (पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या पत्नीला) आधी सांगा, त्या घरी येऊन बोलतील, जागा कुठली, सोबत कोण, सगळं सांगतील. नाहीच जमलं यंदा तर पुढच्या वर्षी.

नाव देताना

नाव देताना फॉर्ममधे चार गोष्टी खऱ्या लिहा. शुगर, बीपी, दमा, थायरॉईड जे असेल ते, कुठल्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात का (म्हणजे वरची कॉट किंवा वरचा मजला देणार नाहीत), आणि घरचा एक फोन नंबर. दिवस भरत आलेले असतील किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर तेही लिहा, घाटाचा रस्ता आहे.

पैशाचं. आमच्याकडे दोन रात्री आणि जेवणखाण धरून जी काही वर्गणी असते ती सगळ्यांना परवडतेच असं नाही, आणि बायका पैशापायी येत नाहीत आणि कारण मात्र पाहुणे येणारेत असं सांगतात. तुम्हाला अडचण असेल तर पाळकीणबाईंच्या किंवा महिला मंडळाच्या खजिनदारबाईंच्या कानावर घाला, दोनच वाक्यं, बास. जवळपास प्रत्येक वर्षी कुणीतरी एखादीची वर्गणी गुपचूप भरून ठेवलेली असते आणि ती कुणाची हे देणारीलाही सांगत नाहीत. प्रवासाला एसटी धरली तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, आणि ७५ वर्षांच्या वरच्या आजींना पूर्ण फुकट, फक्त ओळखपत्र जवळ ठेवायचं. पुण्यात स्वारगेटहून वाई आणि वाईहून वर पाचगणी. ज्यांना गाडी लागते त्यांनी वाईला थोडं खाऊन घ्या, रिकाम्या पोटी पसरणी घाट चढू नका, खिडकीजवळ बसा आणि आवळा सुपारी किंवा लिंबू हाताशी ठेवा.

बॅगेत काय

छापलेलं पवित्र शास्त्र. मोबाईलमधलं नको, मोबाईल उघडला की आपण वचनाच्या आधी व्हॉट्सअपला पोचतो. जाड अक्षरांचं असेल तर चांगलं, चष्मा विसरू नका. उपासना संगीत (गीतांचं पुस्तक) असेल तर आणा, काही जागी पुस्तकं पुरत नाहीत. एक साधी वही, दोन पेनं. स्वेटर आणि मोजे, पाचगणीला मे महिन्यातसुद्धा पहाटे गारठा असतो. शाल, टॉर्च, पाण्याची बाटली, गोळ्या तीन दिवसांच्या ऐवजी पाच दिवसांच्या, पॅड्स (पाळीची तारीख नसली तरी, शेजारणीला लागतात). चालायची चप्पल किंवा बूट. चांगली साडी किंवा ड्रेस एकच, रविवारच्या प्रभुभोजनासाठी (भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी), बाकी सगळं सुती आणि सैल. दागिने घरी ठेवा. सांभाळायला काही नसलं की बाई जास्त मोकळी बसते.

खायला थोडं काहीतरी आणा, वाटायला. चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, काहीही. पहिल्या संध्याकाळी जिच्याकडे डबा असतो तिला कुणाशी काय बोलू असा प्रश्न पडत नाही.

शुक्रवार, पोचल्यावर

खोल्या वाटतात तेव्हा आपल्या बहिणीबरोबर, जावेबरोबर, नेहमीच्या मैत्रिणीबरोबर खोली मागू नका. हे ऐकून बऱ्याच जणींचा चेहरा पडतो, पण माझं ऐका. ओळखीची बाई बरोबर असली की आपण घरचंच बोलत राहतो, तोच विषय, त्याच नणंदा. अनोळखी बाईच्या शेजारच्या कॉटवर झोपलात तर पहिली रात्र अवघडल्यासारखी जाईल, दुसऱ्या रात्री बोलत बसाल.

पहिल्या दिवशी ओळखी होतात, गीतं होतात, एक छोटा संदेश होतो. ओळख करून देताना अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगायची आपल्याला सवय असते. फक्त नाव सांगा आणि तुम्हाला काय आवडतं ते सांगा. आमच्याकडे एका वर्षी एक मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझं नाव बावीस वर्षांत कुणी मोठ्याने घेतलं नाही, आणि मग त्यांनी नाव सांगितलं. त्या तीन दिवसांत सगळ्या त्यांना नावानेच हाक मारत होत्या.

मग जेवण आणि झोप. खरंच झोपा. रात्री जागून गप्पा मारायचा मोह होतो, पण पहिली रात्र झोपेची ठेवा. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा, १ राजे १९ मधली. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, रतामाच्या झाडाखाली बसून देवाकडे मरण मागितलं, आणि देवाने काय केलं? आधी त्याला झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा दिला, त्याने खाल्लं आणि परत झोपला, मग दूत दुसऱ्यांदा आला, परत खायला दिलं, वाट फार लांबची आहे म्हणाला. होरेब डोंगरावरची ती शांत, मंद वाणी त्याला ऐकू आली ती चाळीस दिवसांनंतर. आपल्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं अपुऱ्या झोपेवर चालतायत आणि त्याला आपला विश्वास कमी पडला असं समजतात. रिट्रीटमधलं पहिलं आत्मिक काम बऱ्याच जणींसाठी आठ तास झोपणं हेच असतं, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

शनिवारची सकाळ, एकांताचा तास

नव्या बाईला सगळ्यात जास्त भीती याच तासाची असते. पहाटे किंवा नाश्त्यानंतर एक तास देतात, कुणी कुणाशी बोलायचं नाही, आपापली जागा शोधायची आणि देवाजवळ बसायचं. दहा मिनिटांत वाटतं आता काय करू. तर मी काय करते ते सांगते, तुम्हाला जमलं तर करा.

फोन खोलीत बंद करून ठेवायचा. बसायची जागा आधी हेरून ठेवायची, सिल्व्हर ओकखाली पायऱ्या असल्या तर बरं, पाठ टेकता आली पाहिजे. पहिली पाच मिनिटं काहीच करायचं नाही, फक्त श्वास आणि आजूबाजूचे आवाज. मग डोक्यात जे काही घोळतंय, गॅस बंद केला का, फी भरायचीय, आईचा रिपोर्ट, ते सगळं वहीच्या मागच्या पानावर भराभर लिहून टाकायचं, म्हणजे ते डोक्यातून कागदावर जातं. मग एकच छोटा शास्त्रभाग घ्यायचा. अध्यायामागून अध्याय वाचत सुटायचं नाही. नव्या बाईला मी मार्क ५ मधली २५ ते ३४ ही दहा वचनं देते.

तिथे एक बाई आहे, बारा वर्षं तिला रक्तस्राव होतोय, वैद्यांवर सगळा पैसा घालवून बसलीय आणि बरं वाटायच्या ऐवजी दुखणं वाढलंय. तीन वेळा वाचा. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा हळू, आणि जिथे मन अडेल तिथे थांबा. एखादीचं मन पैसा संपला या शब्दापाशी अडतं, एखादीचं गर्दीपाशी, एखादीचं ती थरथर कापत पुढे आली तिथे. तिसऱ्यांदा वाचताना येशूने तिला काय हाक मारली ते बघा. तो तिला मुली म्हणतो. त्याच वेळी याईर आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी त्याला घाईने घेऊन चाललेला असतो, एका बापाची लेक मरणाच्या दारात आहे, आणि येशू रस्त्यात थांबतो एका अशा बाईसाठी जिच्या बाजूने बोलायला कुणी बाप आलेला नाही. हे मला सहाव्या की सातव्या वर्षी दिसलं, तोपर्यंत मी तो भाग पन्नास वेळा तरी ऐकला असेन. मग वहीत देवाला एक पत्र लिहायचं, चार ओळी, जसं बोलतो तसं. शुद्धलेखन नाही बघायचं. झालं. तासातली वीस मिनिटं उरली तर बसून राहा, झोप लागली तर लागू द्या.

काहीच जाणवलं नाही तर? नाही जाणवलं. मला स्वतःला पहिल्या दोन वर्षी त्या तासात काही विशेष वाटलं नव्हतं, शेजारची बाई रडत होती आणि मला वाटलं माझ्यातच खोट आहे. तसं नसतं. शेतात पेरलेलं त्याच दिवशी कुणी उकरून बघत नाही.

उपासाबद्दल. काही ठिकाणी शनिवारी सकाळी उपास-प्रार्थना असते. शुगरवाल्या, बीपीवाल्या, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, यांनी उपास धरायचा नाही, नाश्ता करून प्रार्थनेला बसायचं. आणि कुणीही, अगदी व्यासपीठावरच्या पाहुण्या वक्त्याने जरी सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या बंद कर, तरी गोळी बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. हे मी तयारीच्या मीटिंगमधे दर वर्षी बोलते, आणि इथेही लिहितेय.

कॅथलिक मैत्रिणींकडे रिट्रीटचं स्वरूप थोडं वेगळं असतं, रोजची मिस्सा (त्यांची उपासना) असते, पापनिवेदनासाठी फादर वेळ देतात, आणि पुष्कळदा दिवसचा दिवस मौन असतं. मी एकदा माझ्या वसईच्या मैत्रिणीबरोबर अशा मौनाच्या रिट्रीटला गेले होते. जेवतानासुद्धा बोलायचं नाही, मीठ हवं असेल तर शेजारणीकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला कळायला लागलं की कुणाला काय हवंय हे न सांगता दिसतं. आमच्या मंडळीच्या रिट्रीटमधे आता शनिवारचा नाश्ता मौनात असतो, तो तिथून आला.

गटात बसताना

संदेशानंतर पाच-सहा जणींचे गट करतात. इथे बोलायचं असतं आणि इथेच मैत्री होते नाहीतर मोडते, म्हणून हा भाग नीट वाचा.

आपल्या मंडळ्या लहान, आणि निम्म्या बायका एकमेकींच्या नात्यातल्या. गटात तुमच्या समोर बसलेली बाई तुमच्या चुलत जावेची मावसबहीण निघते. माझ्या दुसऱ्या वर्षी मी गटात घरची एक पैशाची अडचण सांगितली होती, कर्ज होतं, ह्यांनासुद्धा मी बोलले हे माहीत नव्हतं. रविवारी घरी आलो आणि बुधवारी भाजीबाजारात एक बाई, जी रिट्रीटला आलीही नव्हती, मला विचारते, कसं चाललंय गं आता, बँकेचं मिटलं का. हातातली कोथिंबीर तशीच ठेवून मी घरी आले. पुढचं वर्षभर मी गेले नाही. ज्या बाईने सांगितलं होतं तिने ते वाईट मनाने सांगितलं नव्हतं, प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं होतं, आणि आपल्यात बातमी नेहमी अशीच पसरते, तिच्यासाठी प्रार्थना करा हं, असं म्हणून.

म्हणून आता प्रत्येक गटाची सुरुवात आम्ही नियम सांगून करतो. इथलं बोलणं इथेच. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, प्रार्थनेच्या ग्रुपवर नाही. जिची गोष्ट आहे तिने स्वतः परवानगी दिली तरच. तुमच्या गटात असा नियम कुणी सांगितला नाही तर तुम्ही विचारा, नवीन असलात तरी विचारा, आपलं बोलणं इथेच राहणार आहे ना? सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय खोल काही सांगू नका. आणि पहिल्याच बैठकीत सगळं उघडायची गरज नाही. थोडं सांगा, ते कसं सांभाळलं जातंय बघा.

ऐकणारीसाठी: सल्ला देऊ नका. कुणी बोलत असताना मधेच माझंही अगदी असंच झालं होतं असं सुरू करू नका. वचन काढून लगेच तोंडावर मारू नका. रडत असेल तर रुमाल द्या आणि गप्प बसा. तिचं झालं की एवढंच विचारा, तुझ्यासाठी काय मागू? आणि ती जे सांगेल तेच मागा, आपल्या मनाचं नको.

एक अपवाद आहे. कुणी सांगितलं की घरी मारहाण होते, किंवा जगावंसं वाटत नाही, तर तिथे प्रार्थना करून बाई सोशिक राहा असं म्हणून सोडायचं नाही. तिला सांगा की हे मी एकटी सांभाळू शकत नाही, आपण दोघी मिळून पाळकीणबाईंकडे किंवा आयोजक ताईंकडे जाऊ. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे, तातडीला ११२, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. हे तिन्ही नंबर आम्ही गटप्रमुखांच्या वहीत लिहून देतो. देव डोंगरावर भेटतो तसा तो फोन उचलणाऱ्या माणसातूनही भेटतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मोठ्याने प्रार्थना येत नसेल तर हन्ना आठवा. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं ही प्यायलीय. देवाने तीच ऐकली. गटात तुमची पाळी आली की शेजारणीचा हात हळूच दाबा, ती पुढे सुरू करेल. आमच्याकडे ही खूणच ठरलीय.

दुपारची मोकळी वेळ

शनिवारी दुपारी दोन-तीन तास मोकळे असतात. बऱ्याच जणी टेबललँडच्या पठारावर जातात, बाजारात स्ट्रॉबेरी आणि जॅम घेतात, फोटो काढतात, जरूर जा. पण एखाद्या वर्षी स्वयंपाकघरात जाऊन बघा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही उतरलो होतो तिथल्या स्वयंपाकीण मावशींची मदतनीस आली नव्हती आणि साठ माणसांची मेथी निवडायची पडली होती. मी आणि आमच्या गटातली एक बाई बसलो. ती बाई शुक्रवारपासून एक शब्द बोलली नव्हती, गटात तिची पाळी आली की ती मान हलवायची आणि आम्ही पुढे जायचो. मागच्या ओट्यावर गोणपाट टाकून बसलो, मधे मेथीचा ढीग. ती फार नीट निवडत होती, एकेक पान अंगठ्याने खुडून, देठ एकसारखे एका बाजूला लावून. अर्धा तास झाला असेल. मग मान वर न करता ती म्हणाली, त्याला मेथी आवडायची नाही. मी विचारलं, कुणाला. म्हणाली, माझ्या मुलाला. पुढचं तिने सगळं मेथी निवडता निवडता सांगितलं, कधी गेला, कसा गेला, त्याची सायकल अजून जिन्याखाली आहे. मी काहीच बोलले नाही, माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच. जुड्या संपल्या तेव्हा तिने दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले, हिरवे झालेले, मातीचे, आणि तसेच ठेवून बसली. संध्याकाळी गटात तिची पाळी आली तर ती मोठ्याने म्हणाली, प्रभू, आमेन. एवढंच.

समोरासमोर खुर्च्या मांडून, आता मन मोकळं करा म्हटल्यावर सगळ्यांची मनं मोकळी होत नाहीत. हाताला काम असलं, नजर दुसरीकडे असली की काही बायका बोलतात. म्हणून ताटं घासायच्या पाळीला, गाद्या उचलायला, खुर्च्या लावायला जिथे दोन माणसं लागतात तिथे आपणहून जा. येशू घरी आल्यावर कामात गुंतलेली मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली तिची बहीण मरीया, ही गोष्ट आपण मार्थेला बोल लावायला वापरतो, पण लूक १० मधे येशूने तिला काम सोड असं म्हटलेलं नाही, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस असं म्हटलंय. काळजी न करताही कांदा चिरता येतो.

शनिवारची रात्र

गीतं, साक्षी (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं) आणि लांब प्रार्थना. ही रात्र भावनेची असते, खूप जणी रडतात, काही गुडघ्यावर येतात. तुम्हाला रडू आलं तर रडा. नाही आलं तर ओढूनताणून आणू नका. साक्ष द्यायला कुणी भरीला घातलं तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. द्यायचीच असेल तर पाच मिनिटांत, स्वतःबद्दल बोला, सासूबद्दल नको.

या रात्री मला नेहमी केडगाव आठवतं. दौंड तालुक्यातलं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेलं. १९०५ साली तिथे जी मोठी आत्मिक जागृती झाली तिच्या आधी कितीतरी महिने मुलींची आणि बायकांची रोजची प्रार्थना चालली होती, ठरलेल्या वेळी, गाजावाजा न करता. त्यातल्या कितीतरी जणी विधवा, टाकलेल्या, दुष्काळातून आणलेल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं, तिथल्याच मुली आणि बायकांच्या हातांनी. पूर्ण बायबल १९२४ ला आलं, रमाबाई १९२२ लाच गेल्या होत्या. आपण एका रात्रीत सगळं बदलावं म्हणून घाई करतो तेव्हा मी नव्या बहिणींना हे आवर्जून सांगते. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, कधी जमलं तर सगळ्या मिळून जाऊन या.

रविवार

प्रभुभोजनाच्या आधी आमच्याकडे पाळक अर्धा तास देतात, जिच्याशी बिनसलंय तिच्याकडे जाऊन बोलायला. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल दोन बायकांना नाव घेऊन विनंती करतो, युवदीया आणि सुंतुखे, एकचित्त व्हा म्हणून. दोघींनी त्याच्याबरोबर सुवार्तेसाठी कष्ट केलेले, आणि तरी बिनसलेलं. भांडण कशाचं होतं ते त्याने लिहिलं नाही, हे मला फार आवडतं. तोही तिथलं बोलणं तिथेच ठेवतो.

ती बाजारातल्या बातमीवाली बाई अशाच एका रविवारी माझ्याकडे आली होती, दोन वर्षांनंतर. म्हणाली, आक्का, तुमची गोष्ट मी बाहेर नेली. बाकी काही कारण दिलं नाही. मला लगेच क्षमा करता आली असं मी म्हणणार नाही, मी फक्त बरं म्हणाले आणि आम्ही शेजारी उभ्या राहून भाकर आणि द्राक्षारस घेतला. आम्ही आजही जिवलग नाही. पण तिच्या मुलीच्या लग्नात पुऱ्या लाटायला मी होते आणि माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दहा दिवस दुपारचा डबा तिच्याकडून आला. तेव्हा मनात असेल तर त्या अर्ध्या तासात उठा, आणि जमत नसेल तर जमत नाही असं देवाला सांगून बसा. कुणाच्या डोळ्यांत बरं दिसावं म्हणून गळाभेट घेऊ नका.

घरी आल्यावर

रविवारी रात्री घरी याल तर ओट्यावर भांडी असतील, मुलांचे डबे धुतलेले नसतील, आणि दोन दिवसांची शांती दहा मिनिटांत जाईल असं वाटेल. आल्या आल्या घरच्यांना तिथलं सगळं सांगत सुटू नका आणि तुम्हीही प्रार्थना करत नाही म्हणून रागावूही नका. आधी त्यांचं ऐका, शुक्रवारपासून काय झालं ते. सोमवारी जमलं तर जरा लवकर उठा, एकांताच्या तासातली पंधरा मिनिटं घरी आणा, तीच वही, तोच शास्त्रभाग. महिनाभर पंधराच मिनिटं. वाढवायची घाई नको.

गटातल्या सगळ्यांचा व्हॉट्सअप ग्रुप निघतोच, त्यावर आठवडाभर फुलांची चित्रं येतात आणि मग शांत होतो. त्याच्या भरवशावर राहू नका. एक बाई निवडा, फक्त एक, आणि ठरवून टाका की दर बुधवारी किंवा कुठल्याही एका वारी दहा मिनिटं फोन. विषय दोनच, या आठवड्यात कसं गेलं आणि काय मागू. रूथ आणि तिची सासू नामी यांची गोष्ट आपण तुला सोडणार नाही या रूथच्या शपथेसाठी लक्षात ठेवतो, पण त्या दोघी आधी कितीतरी दिवसांची वाट चालत बेथलेहेमला आल्या, आणि मग रूथ रोज उन्हात सरवा (कापणीनंतर शेतात पडलेली कणसं) वेचायला जात होती. मैत्रीला रोजचं काहीतरी लागतं. शहर वेगळं असेल तर मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, त्या दिवशी एकमेकींच्या मंडळीत जायचं ठरवा, भेट होते.

आमच्याकडे निघायच्या आधी चिठ्ठ्या काढतात. प्रत्येकीच्या हातात दुसरीचं नाव, वर्षभर तिच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि पुढच्या रिट्रीटपर्यंत कुणाची चिठ्ठी आपल्याकडे आहे ते सांगायचं नाही. तुमच्याकडे ही पद्धत नसेल तर तुम्ही सुरू करा, एक वही, एक कात्री आणि एक स्टीलचा डबा लागतो. यंदा माझ्याकडे जिची चिठ्ठी आलीय ती पहिल्यांदाच आली होती, उपासनेनंतर चपला घालताना जिने मला गरम पाण्याचं विचारलं होतं तीच. मिळतं, सकाळी सहा ते आठ, बादली आपली आपण न्यायची.